दिनूच्या पुठ्ठ्याच्या लाद्या

चाळकरी मंडळी, हा फळा दुपारीच लिहायचा होता. खडू खिशात घालून निघालो, तर नाक्यावर संयुक्त महाराष्ट्राची सभा लागली. तिथेच रमलो.

तर ऐका. गणपतीच्या मखरामागे लावायला दिनूने आणि मी पुठ्ठ्याच्या लाद्या केल्या होत्या. बटाट्याचा ठसा मारायचा, वर जलरंग भरायचे. मंडळाने दिनूच्या निवडल्या. माझ्या गेल्या खाटेखाली.

आज सकाळी मालतीकाकू मखराची जागा साफ करायला आल्या. भिंतीला खऱ्याच लाद्या बसवल्यात असं समजून त्यांनी ओलं फडकं फिरवलं! निळी फुलं ओघळून जमिनीवर.

"अरे देवा, ह्यो तर पुठ्ठो!" काकूंनी कपाळाला हात लावला.

सगळे हळहळले. मी मात्र जळून खाक झालो. माझ्या लाद्या खऱ्या समजून कोणी पुसल्या असत्या का? लांबूनच म्हणाले असते, "पुठ्ठा आहे रे."

वाया गेलेल्या कामाचा हेवा तुम्हाला कधी वाटलाय का?

थांबा, मागे कोणीतरी आलंय. सकाळपासून दार लावून बसलेला दिनू! म्हणतोय, "खडू ठेव. बाप्पा उद्या येतोय, खाटेखालच्या तुझ्या लाद्या काढ."