मधाची बाटली

व्हिनेगरचा वास आला की परभणीतली आमची प्रयोगशाळा आठवते. विकराची, म्हणजे एन्झाइमची, नक्कल करणारे सोन्याचे अतिसूक्ष्म कण मी तिथं बनवले होते. नमुन्यात साखर असली की त्यांचं व्हिनेगरच्या वासाचं द्रावण निळं व्हायचं. आईनं पाथरीहून वडिलांची लघवी तपासायला बाटलीत आणली. द्रावण गर्द निळं झालं आणि मी वडिलांची साखर बंद केली. दोन दिवसांनी ती बाटली धुताना कड चिकट लागली. फोनवर आई म्हणाली, “मधाची हाय, पण दोनदा इसळली की!” नव्या बाटलीतला नमुना निळा झालाच नाही. जीव भांड्यात पडला, अन् छातीही फुगली. दोनदा विसळूनही उरलेला मध माझ्या कणांनी पकडला होता. वडील मात्र आजही चहावर साखरेचा चमचा धरून मला विचारतात, “टाकू, का आदी बाटली आणू?”