आखूड व्हॅनचा ब्रेक

सकाळपासून जयाबाई गॅरेजच्या फाटकात येरझाऱ्या घालत होत्या. "साहेब, गारी द्या. बाया टोपल्या भरून बसल्यान."

जयाबाई नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या. मासळीचा धंदा; गावच्या बायांना टोपल्यांसकट बाजारात न्यायच्या, गाडी स्वतः चालवायच्या. मी तेव्हा, नव्वदच्या दशकात, तुर्भ्याच्या एका गॅरेजमध्ये सर्व्हिस इंजिनिअर होतो. त्यांची व्हॅन माझ्यापेक्षा वयाने मोठी. गावातल्या गल्लीत ती वळेना, म्हणून त्यांच्या भावाने ती मधून कापून आखूड करून घेतली होती. आमच्याकडे आली फक्त ब्रेक बघायला.

गल्लीत ती आता झकास वळायची. पण मोठ्या रस्त्यावर स्पीड घेतला की स्टिअरिंग हातात ठरेना. पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराला व्हीलबेस म्हणतात. तो कमी झाला की गाडी चटकन वळते, तशी चटकन भरकटतेही. त्यात आतली जागा गेली म्हणून बर्फाची पेटी टपावर चढवलेली. ब्रेक दाबला की सगळा भार पुढे येणार, मागची चाकं हलकी होऊन लॉक होणार, म्हणजे फिरायची थांबून घसरणार.

माझे बॉस सावंत म्हणाले, "ब्रेक लागतोय ना? मग दे सोडून. बाई डोकं खातेय."

"सर, मागे जास्त लागतोय. वजन घालून टेस्ट घेतो."

"लवकर आटप."

पेटीत वाळूची पोती भरली. बेलापूरच्या बाजूला सेक्टरचे रस्ते तयार होते, बिल्डिंगा यायच्या होत्या. जयाबाईंना कडेला लांब उभं केलं. चाळीसच्या स्पीडला ब्रेक दाबला. मागची चाकं किंचाळली, व्हॅन गर्रकन फिरली आणि जिकडून आलो तिकडेच तोंड करून थांबली.

जयाबाई धावत आल्या. "लागलं नाय ना?" मग गाडीकडे बघून हळूच म्हणाल्या, "मागं बाया बसनार व्हत्या माज्या."

"म्हणून सोडत नाही. पेटी टपावरून काढा."

"मंग माल निम्माच जाईल!"

"दोन फेऱ्या करा."

"दुसऱ्या फेरीपरत गिऱ्हाईक थांबतंय का?" त्या तडकल्या. पण पेटीची दोरी त्यांनीच सोडली.

त्या दिवशी बाया भाड्याच्या टेम्पोने गेल्या. आम्ही पेटी आत, फ्लोअरवर घेतली. चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, जिथे कापून जोडला होता तिथे लोखंडी पट्ट्या मारल्या. मागच्या ब्रेकला लहान सिलिंडर बसवले, म्हणजे तिथला जोर कमी. सावंत सारखे घड्याळ बघत होते. पुन्हा टेस्ट घेतली, तेव्हा व्हॅन नाक खाली घालून, पण सरळ थांबली.

पावसाळा संपता संपता जयाबाई परत आल्या. चौकात अचानक डंपर आडवा आला होता. "बाया वरडल्या, साहेब. पन गारी सरळ थांबली. मधी हातभर जागा व्हती." मग लगेच, "आता गचके तेवढे कमी करा."

त्याला इलाज नव्हता. आखूड गाडी खड्ड्यात उसळणारच.

गाडी कापताना लोक पत्रा मोजतात, सीट मोजतात. गाडी आता आखूड झाली, हे ब्रेकला कोणी सांगत नाही.