हवालदारांची खोडलेली माफी

नाथाजी,

आपल्या क्रीडा मंडळाच्या स्मरणिकेसाठी तुमच्यावर दोन पानं लिहा म्हणाले. विचारलं असतं तर "माज्यावर काय लिवायचं?" म्हणून तुम्ही हात झटकले असते, म्हणून विचारलंच नाही. छापून आलं की राजनंदिनी वाचून दाखवील. मधे बोलू नका. मी पुढे फक्त 'बाई' आहे, कारण एवढ्या वर्षांत तुम्ही मला दुसरी हाक मारलेली नाही. काही चुकलं असेल तर सांगा. फोनवर ओरडून नको, माझे कान अजून शाबूत आहेत.

तर, नाथाजी रहिमतपूरचे. सतरा वर्षं फौजेत, त्यातली शेवटची सहा जवानांची पी.टी. घेण्यात. हवालदार म्हणून पेन्शनीत आले तेव्हा चाळिशीही झाली नव्हती. दोन एकर ऊस होता, पण पाचनंतर झोप लागायची नाही. म्हणून शाळेमागच्या पटांगणावर जाऊन उभे राहू लागले. तिथे पोरी खो-खो खेळत. खेळत म्हणजे काय, पळत आणि भांडत. नाथाजींनी पहिले चार दिवस फक्त बसायला शिकवलं: टाचा उचललेल्या, बोटं जमिनीला, पाठीला हात लागला की सुटायचं.

आया विचारायला आल्या, "हवालदार, पोरीमागं किती घेता?"

"येळंवर धाडा. त्येवढंच घेतो."

असं तीस वर्षं चाललं. मग दोन्ही गुडघ्यांनी संप केला. तोवर मुलगा दिग्विजय फौजेत गेला होता आणि सून राजनंदिनी घरात आली होती. ती तासगावकडची, विद्यापीठाच्या संघातून खेळलेली. नाथाजींनी तिला पटांगण सोपवण्याचा समारंभ वगैरे केला नाही. एका सकाळी ते ओट्यावरच बसून राहिले आणि तिकडचा आवाज ऐकत राहिले. तिचा आवाज आपल्यापेक्षा बारीक असला तरी लांब जातो, एवढी खात्री झाल्यावर त्यांनी चहा मागितला.

अडचण आली ती कागदाची. शाळेने ठरवलं, जूनपासून संघाला प्रमाणपत्रवालाच प्रशिक्षक. राजनंदिनीकडे खेळल्याचे कागद होते, शिकवण्याचा नव्हता. तो न मिळाला तर पटांगण बाहेरच्या कुणा माणसाकडे जाणार होतं.

प्रशिक्षकांचा वर्ग मंडळातर्फे सांगलीत विश्रामबागला भरे. पूर्वी तो भलताच महाग होता. भाड्याचा हॉल, हॉटेलचं जेवण, पाहुण्यांची सरबराई, आणि हे सगळं शिकणाऱ्याच्या डोक्यावर. बाईंनी मंडळात भांडून ते बंद केलं. कॉलेजचं मैदान, शनिवार-रविवार, डबा ज्याचा त्याने आणायचा, लांबच्या मुलींनी सभासदांच्या घरी राहायचं. फी निम्म्याच्या खाली आली. ज्यांना तीही झेपत नाही अशांसाठी दहा जागा वेगळ्या ठेवल्या. दोन वर्षांत त्या दहा जागांसाठी एकही अर्ज आला नाही.

"बघा," मंडळाचे चिटणीस चिंतामणराव म्हणाले, "गरजच नाही लोकांना. तुम्ही उगाच जागा अडवून बसलात." बाईंनी जागा तशाच ठेवल्या.

राजनंदिनीने अर्ज आणला, भरला आणि कुटुंबप्रमुखाच्या सहीसाठी सासऱ्यांपुढे ठेवला. शनिवार शेवटचा दिवस होता. नाथाजींनी चष्मा लावला, वरची ठळक ओळ वाचली आणि पेन खाली ठेवलं. ओळ होती, 'फी माफीसाठी विनंती अर्ज'.

"ह्ये कशापायी?"

"आवं मामंजी, फीची माफी हाय ती. गुन्ह्याची न्हवं."

"शबुद त्योच हाय न्हवं? गुन्हा केला तर मागायची. आपुन काय केलंय?"

नाथाजींचं फौजेत एकदाच वाकडं झालं होतं. दुसऱ्याच्या चुकीसाठी साहेबापुढे उभं केलं. माफी माग, सुटशील, म्हणाले. यांनी मागितली नाही. सात दिवस पाठीवर वजन घेऊन मैदानाला फेऱ्या मारल्या. तो माणूस आता सुनेच्या खेळासाठी माफीखाली सही करणार होता थोडाच.

"मग पुरी फी भरू?" राजनंदिनीने विचारलं. "ह्यांनी फौजेतनं धाडलेलं समदं मोटारीत गेलं हिरीच्या. आनि दर शनवारचं जानं-येनं?"

नाथाजींनी अर्ज परत सरकवला. तिने भांडी अशी घासली की शेजारची लीलाबाई बघायला आली. नाथाजींना संध्याकाळचा चहा बिनसाखरेचा मिळाला आणि तो त्यांनी मुकाट्याने प्यायला.

गुरुवारी ते भरलेला अर्ज खिशात घालून एसटीने सांगलीला, मंडळाच्या कचेरीत निघाले. सुनेचं नाव धरू नका, हे सांगायला. दोन दिवस घरात तोंड चुकवण्यापेक्षा हे बरं, असं त्यांना गाडीत वाटत होतं. सांगली जवळ आली तसं ते वाटेनासं झालं. पण फौजी माणूस निघाला की पोचतो.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हवालदार, तिकीट किती काढलंत?"

"अर्दं. पासष्टी झालीया की माजी."

"म्हणजे अर्ध्या भाड्याची माफी मागितलीत कंडक्टरकडे?"

"माफी कशापायी मागंन? सवलत हाय ती! कार्ड दाखीवलं, तिकीट घेतलं."

"हात जोडलेत?"

"त्येनंच सरकून बसा म्हटलं मला."

दोन वर्षं रिकाम्या राहिलेल्या दहा जागा त्यांच्या डोळ्यांपुढे आल्या, आणि त्यांना स्वतःचाच राग आला. तो अर्जाचा मसुदा त्यांनीच लिहिला होता, कॉलेजातल्या जुन्या अर्जावरून उतरवून, एकदाही मोठ्याने न वाचता. त्यांनी नाथाजींपुढचा अर्ज ओढला, पेन घेतलं, 'माफी' वर दोन आडव्या रेघा मारल्या आणि वर लिहिलं, 'सवलत'. पुढचं 'विनंती' ही खोडलं.

चिंतामणराव पलीकडच्या टेबलावरून म्हणाले, "खाडाखोड केलेला अर्ज चालत नाही, बाई."

"चालतो की," नाथाजींनी खुर्ची पुढे ओढली. "खोडलं तितं सही केली की चालतो. पल्टनीत असंच हाय." त्यांनी खोडलेल्या जागेशेजारी सही केली, मग कुटुंबप्रमुखाच्या जागी केली. पहिली दुसरीच्या दुप्पट होती. बाईंनीही शेजारी आपली ठोकली. चिंतामणरावांनी अर्ज घेतला आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाले.

राजनंदिनी दहा शनिवार-रविवार गेली आणि जूनमध्ये पटांगण तिच्याकडेच राहिलं. नाथाजी मग गावोगाव सांगत सुटले. "सवलत हाय गड्या, एसटीसारखी. पोरीला धाडा." कोरेगावकडची एक शिक्षिका आली, एक जोतीराम नावाचा कुस्तीगीर आला. पुढच्या वर्षी दहाही जागा भरल्या आणि चिंतामणराव म्हणाले, आता वीस कराव्या लागतील. जणू त्यांचीच कल्पना.

पण मूळ अर्ज साताऱ्याच्या छापखान्यात पाचशेच्या गठ्ठ्याने छापून ठेवलेले होते, जुन्याच ओळीचे. नाथाजी आणि बाईंनी ठरवलं, दोघांनी मिळून जायचं, मालकाला समोर बसवून नवा मजकूर जुळवून घ्यायचा, फोनवर काम होत नाही. पहिल्यांदा ठरलं तेव्हा नाथाजींकडे ऊसतोडीची टोळी आली. दुसऱ्यांदा बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. तिसऱ्यांदा साताऱ्याच्या स्टँडवर भेटायचं होतं. बाई दीड तास बसल्या, आणि नाथाजी माजी सैनिकांच्या कँटीनच्या रांगेत उभे राहून साबण-तेल घेऊन घरी गेले. साफ विसरले. फोनवर म्हणाले, "बाई, फुडच्या मंगळवारी नक्की." त्या मंगळवारी बाईंनी रागाने फोन उचलला नाही, आणि त्यानंतर दोघांनीही विषय काढला नाही. म्हणून अर्ज अजून जुन्याच ओळीचे येतात, आणि दर वर्षी प्रत्येकावरची 'माफी' हाताने खोडून शेजारी सही करावी लागते.