साळवेंच्या डिकीतली बंदूक

“मॅडम, टेक्ससमध्ये माझा चुलतभाऊ सरळ गाडीत ठेवतो. तिथे चालतं.”

“सर, आपण ओमानमध्ये आहोत,” मी म्हटलं.

फोनवर साळवे होते, आमच्या एका क्लायंटच्या कन्स्ट्रक्शन कंपनीतले साइट इंजिनिअर. मी तेव्हा मस्कतच्या रुवी भागातल्या एका छोट्या लॉ ऑफिसमध्ये लीगल असिस्टंट होते. २०१५च्या आसपासची गोष्ट. माझं काम इंग्रजी ड्राफ्टिंगचं. फोन शक्यतो मी घेत नसे, पण त्या दिवशी रिसेप्शनिस्ट रजेवर होती.

साळवे आदल्या दिवशी मस्कतहून दोन-अडीच तासांवरच्या सूरला गेले होते, अर्बाबच्या मुलाच्या लग्नाला. अर्बाब म्हणजे कंपनीचे मालक. तिकडच्या लग्नांत पुरुष जुन्या रायफली खांद्यावर घेऊन ओळीने नाचतात. निघताना अर्बाबनी स्वतः साळवेंच्या डिकीत हलव्याचे डबे ठेवले आणि शेजारी चादरीत गुंडाळलेली एक रायफल. “मस्कतला ने. दुरुस्तीला द्यायची आहे. माझा भाचा येऊन घेऊन जाईल.” ज्याच्या सहीवर आपला व्हिसा आहे तो माणूस आपल्या हाताने काही ठेवतो, तेव्हा नको म्हणत नाहीत. साळवेंनी मान डोलावली आणि गाडी काढली.

सकाळी मस्कतमध्ये वादी कबीर भागात, आपल्या बिल्डिंगखाली डिकी उघडली आणि त्यांनी आम्हाला फोन लावला. त्याच गाडीतून त्यांची बायको मुलांना शाळेत सोडते.

“झाकलेली आहे हो. कुणाला दिसत नाही.”

“तेच जास्त वाईट आहे, सर.”

इथे थोडं सांगते. बंदुकीचं लायसन्स एका माणसाला मिळतं, एका ठरावीक बंदुकीसाठी. ते घराला मिळत नाही, भाच्याला नाही, पाहुण्याला तर नाहीच. शिवाय घरी ठेवणं वेगळं आणि घेऊन फिरणं वेगळं. आपल्यासारख्या परदेशी माणसाकडे विनालायसन्स बंदूक सापडली, तर तुरुंग आणि त्यानंतर देशाबाहेर, हे अगदी शक्य. अमेरिकेत राज्याराज्याचे नियम वेगळे असतात, ते साळवेंच्या चुलतभावाला लखलाभ.

“मग मी स्वतःच पोलीस स्टेशनला नेऊन देतो,” साळवे म्हणाले. “लपवायचंच नाही ना काही.”

ऐकायला बरोबर वाटत होतं. तरी मी म्हटलं, “थांबा. गाडीला हात लावू नका. वहिनींना मुलांसाठी टॅक्सी करायला सांगा.” आणि बॉसना फोन लावला. ते ओमानी वकील, सगळे त्यांना उस्ताज म्हणतात. ते कोर्टाच्या दारात होते.

“बंदूक हलणार नाही, लायसन्स हलेल,” ते म्हणाले. “वाटेत पोलिसांनी थांबवलं, तर तो बंदूक जमा करायला चाललेला सज्जन नसतो. बंदूक घेऊन फिरणारा माणूस असतो. अर्बाबला लायसन्स घेऊन यायला सांग. मी कोर्टातून सुटलो की पोलिसांशी बोलतो.”

“सर, अर्बाबशी मी बोलू?”

“तूच. मी आत चाललोय. यल्ला, लाग कामाला.”

ओमानी लोकांची एक रीत आहे. भेटलं की आधी खुशाली, मग “उलूम?”, म्हणजे बातमी काय. बातमी कितीही मोठी असो, पहिलं उत्तर “काही नाही, सगळं ठीक” असंच द्यायचं. खरी गोष्ट त्यानंतर. मी लहानपणापासून इथेच वाढले, पण हे नेहमी बाजूला उभं राहून ऐकलेलं. त्या दिवशी अर्बाबना फोन लावून पहिल्यांदा स्वतः केलं. घाबरलेल्या माणसाला ती रीत फार सोयीची आहे. तेवढ्यात श्वास घेता येतो.

सूरची जुनी व्यापारी माणसं हिंदी बोलतात. अर्बाबनी सगळं ऐकलं आणि हसले.

“अरे, वो मेरे दादा की बंदूक है. किसको तकलीफ है? अभी भांजे को भेजता हूँ. खलास.”

“नहीं, अर्बाब.”

त्यांना ‘नाही’ कोण म्हणत असेल, मला माहीत नव्हतं.

“लायसन्स पे भांजे का नाम नहीं है,” मी म्हटलं. “पोलीस पहले साळवे को पकड़ेंगे. फिर भांजे को.”

“और मेरे को?”

“आपको सबसे आखिर में.”

मग म्हणाले, “साळवे मेरा मेहमान था. मैं खुद आता हूँ. लड़के को बोलो, चाय पिए.”

लड़का म्हणजे चाळिशीतले साळवे. त्यांनी चहा प्यायला नाही. पार्किंगमध्ये गाडीशेजारी उभे राहिले.

अर्बाब दुपारी सूरहून थेट पोलीस स्टेशनला आले, लायसन्स घेऊन. उस्ताज सोबत होते. पोलिसांनी वादी कबीरला येऊन रायफल स्वतः उचलली. साळवेंचा जबाब झाला. मी मराठीतून इंग्रजीत सांगत होते, उस्ताज इंग्रजीतून अरबीत. अधिकाऱ्याने विचारलं, घेतलीच का? साळवे बोलायच्या आत अर्बाबच म्हणाले, “मी दिली. मला नाही म्हणणं त्याला जमलं नसतं. चूक माझी लिहा.”

तसंच लिहिलं गेलं. साळवे संध्याकाळी घरी गेले. त्यांचा व्हिसा राहिला, नोकरी राहिली. अर्बाबना दंड झाला आणि आजोबांची रायफल बरेच महिने पोलिसांकडे होती. त्याबद्दल ते मला कधी एक शब्द बोलले नाहीत. उलट नंतर ऑफिसला फोन केला की म्हणायचे, “वो ‘नहीं’ वाली लड़की को दो.” उस्ताज आणि अर्बाब, दोघांनी त्या दिवशी माझ्यावर विश्वास टाकला. माझा स्वतःवर तेव्हा तेवढा नव्हता.

आता मी सीनियर आहे. नव्या ज्युनिअरना एवढंच सांगते: क्लायंट घाबरला की त्याला काहीतरी करायचं असतं. आपलं पहिलं काम त्याला काहीही करू न देणं. याचं बिल मात्र लावता येत नाही.