रव्याच्या डब्यातल्या गोळ्या

आमच्या अण्णाचा एक कुत्रा होता, काळा लॅब्रॅडॉर. शोमध्ये बक्षिसं मिळवायचा, येलहंक्यात लोक अण्णाला त्या कुत्र्याचा मालक म्हणूनच ओळखायचे. तो मरून बरीच वर्षं झाली. पण त्याचं वीर्य अण्णानं गोठवून ठेवलं होतं, शहरातल्या एका दवाखान्यात, बर्फाहून थंड अशा टाकीत. त्यामुळे अण्णाच्या लेखी तो कुत्रा मेलाच नव्हता. बायकोच्या फोटोला हार घालायला विसरेल, पण त्या टाकीची चौकशी करायला महिन्यातून एकदा जाणार म्हणजे जाणार. माझा सख्खा भाऊ आहे, आपलेच दात आणि आपलेच ओठ, पण खरं ते खरं.

खाली तो राहतो, वर मी. वहिनी गेल्यापासून दोन्ही चुली माझ्याच गळ्यात आल्या आणि त्यांच्या जोडीला त्याची कुत्रीही. ही कुत्री म्हणजे मैसूरहून पिल्लू असताना आणलेली, तिचाही रंग काळाच. नाव मी सांगणार नाही. तिची एवढी विटंबना झाली, आता निदान नाव तरी तिच्यापाशी राहू दे. चार वर्षांची होती, पाय मजबूत, नजर प्रेमळ. अण्णानं तिला आणली तीच मुळी त्या मेलेल्या कुत्र्याची पिल्लं व्हावीत म्हणून.

गोठवलेलं वीर्य साध्या पद्धतीनं घातलं तर बहुतेक वेळा वाया जातं. म्हणून पोट उघडायचं, गर्भाशय बाहेर घ्यायचं, त्यात सुईनं ते सोडायचं आणि परत शिवायचं. डॉक्टरीणबाईंनी हे आम्हाला कागदावर चित्र काढून समजावलं. तरुण मुलगी, कन्नडच बोलायची, हळू आणि स्पष्ट. हेही म्हणाली की काही देशांत आता असं पोट फाडायला परवानगी नाही, दुर्बीण घालून न कापता करतात, पण तिच्याकडे ते यंत्र नाही. "नीट विचार करा," म्हणाली. अण्णानं अर्धा क्षण विचार केला आणि म्हणाला, "सरी, ठीक आहे, करूया." मी शेजारीच बसले होते. मीही मान डोलावली.

मान डोलावणं हे आमच्या घराण्याचं खास कसब. डॉक्टर काय म्हणेल त्याला हो म्हणायचं, त्याला वाईट वाटू द्यायचं नाही, आणि घरी येऊन आपलं तेच करायचं. वहिनीला सातव्या महिन्यात ताप आला तेव्हा आईनं डॉक्टरांची चिठ्ठी घडी घालून देव्हाऱ्यात ठेवली आणि तिला जिऱ्याचं पाणी पाजलं. पोटुशीला गोळी द्यायची नाही, गरम पडते, पोर वाकडं निपजतं. वहिनी बरी झाली, मुलगा धडधाकट झाला, आणि तेव्हापासून तो नियम कायमचा झाला.

कुत्री माजावर आली. एक दिवसाआड तिचं रक्त तपासून दिवस ठरवला. सकाळी नेली, दुपारी परत आणली. पोटाखालचे केस भादरलेले, मध्ये टाक्यांची लांब रेघ, गळ्यात ती प्लास्टिकची टोपली. ऑटोतून उतरवताना तिचे पाय लटपटत होते, तरी मला बघून शेपटी हलवलीन. अण्णा एवढा खूश की त्यानं कोपऱ्यावरून मैसूरपाक आणला. मला म्हणाला, "अगं, आता हिला जप हं. दोन महिने हिची बडदास्त राणीसारखी." बोलणारा तो आणि बडदास्त ठेवणारी मी.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या होत्या. जंतू वाढू नयेत म्हणून सात दिवसांच्या, दुखू नये म्हणून तीन दिवसांच्या. पिल्लांना अपाय होणार नाही अशाच निवडल्यात, हेही तिनं न विचारता सांगितलं होतं. अण्णानं घरी आल्यावर ते पाकीट हातात धरून उलटसुलट केलं. "गाभण जनावराला गोळ्या? आई असती तर हात तोडला असता," म्हणाला. मी बत्तीस वर्षं बसवनगुडीच्या शाळेत मुलांना शास्त्र शिकवलं. जंतू म्हणजे काय, औषध पूर्ण का घ्यायचं, फळ्यावर लिहून लिहून माझ्या बोटांना खडूच्या भेगा पडल्या. आणि मी ते पाकीट घेतलं, रव्याच्या रिकाम्या डब्यात टाकलं आणि डबा फडताळात वर ठेवून दिला. अण्णानं जबरदस्ती केली असं म्हणायची सोय नाही. मलाही ते पटलंच होतं.

चौथ्या दिवशी टाके लाल झाले. पाचव्या दिवशी खालच्या टोकाला लिंबाएवढी सूज आली आणि पाणी झिरपायला लागलं. मी हळद लावायला गेले तर तिनं माझा हात तोंडानं हळूच बाजूला केला. चावली नाही, नुसता बाजूला केला. मी दवाखान्यात फोन केला. पहिलाच प्रश्न आला, "गोळ्या चालू आहेत ना?"

"हो तर," मी म्हणाले. "अगदी वेळेवर."

एवढी सरळ थाप मी जन्मात मारली नव्हती. शाळेत मुलांनी वह्या घरी राहिल्या म्हटलं की मी त्यांना बाकावर उभं करायची! अण्णा समोर उभा होता, त्यानं मान हलवून शाबासकी दिली. पलीकडे डॉक्टरीणबाई विचारात पडली. म्हणाली, म्हणजे या औषधाला जंतू दाद देत नाहीत, मग जास्त कडक देते. जखम दाखवायला घेऊन या. घेऊन गेलो. तिनं सूज साफ केली, पट्टी बांधली, दुसरं पाकीट दिलं. तेही रव्याच्या डब्यात गेलं.

जखम वरून भरली. अण्णा म्हणाला, "बघ, गोळ्यांवाचून काही अडलं का?" मीही त्याला रागी गंजीचा, म्हणजे नाचणीच्या पेजेचा, दुसरा वाडगा वाढत म्हटलं, आईचं म्हणणं काही खोटं नव्हतं. काय मिजास आमची!

तीन आठवडे होत आले तसं तिचं पोट दिसायला लागलं. अण्णा हरखला. रोज सकाळी तिच्या पोटावरून हात फिरवायचा आणि आकडा सांगायचा: सहा असतील, नाही, आठ. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात, इथे तर ते दिवसाढवळ्या हाताला लागत होतं. ती पाणी खूप प्यायची, अण्णा म्हणे गाभण आहे, तहान लागणारच. जेवण टाकायला लागली. मी म्हटलं, डोहाळे. तिच्यासाठी कलेजी शिजवली. आमच्या स्वयंपाकघरात कधी अंडं आलं नव्हतं, पण मी गॅलरीत वेगळी शेगडी मांडून कलेजी शिजवली. तिनं वास घेतला आणि मान फिरवली.

मग एका सकाळी तिच्या बसायच्या गोणपाटावर डाग दिसला, आणि असा वास की मला नाकाला पदर लावावा लागला. त्या वासाचा अर्थ मला तत्क्षणी कळला, आणि कळूनही मी आधी गोणपाट धुतलं.

दवाखान्यात सोनोग्राफी झाली. पडद्यावर एकही पिल्लू नव्हतं. गर्भाशय पुवानं भरलेलं होतं. ज्याच्यावर अण्णा रोज हात फिरवत होता ते हेच. डॉक्टरीणबाई मात्र गोंधळात पडली होती. दोन औषधं पूर्ण देऊनही असं कसं, म्हणाली. हे जंतू भलतेच चिवट दिसतात, आता तिसरं, फार जहाल औषध सुरू करावं लागेल, पण तिची मूत्रपिंडं आधीच दमलीत, ते तिला सोसेल की नाही सांगता येत नाही. तिनं पेन उचलून औषधाचं नाव लिहायला घेतलं.

"मॅडम," मी म्हणाले. अण्णानं माझ्याकडे पाहिलं. "आम्ही एकही गोळी दिली नाही."

तिनं पेन खाली ठेवलं. "एकही नाही?"

"एकही नाही. डब्यात आहेत सगळ्या."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त आधीचं लिहिलेलं खोडलं आणि साधंच औषध सलाईनमधून सुरू करायला सांगितलं. मग म्हणाली, पिशवी आजच काढायला हवी, तरच ही जगेल. सहीसाठी कागद पुढे केला.

अण्णा कागदाकडे बघत बसला. "स्वल्प थांबूया का?" म्हणाला. "इंजेक्शनं देऊन पिशवी वाचत नाही का? पुढच्या वेळी तरी..." पुढच्या वेळी! समोर टेबलावर ती आडवी पडलेली, हिरड्या पांढऱ्याफटक, आणि हा पुढच्या वेळेचं बोलतोय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. साठी उलटलेल्या भावाला मी परक्यांसमोर म्हणाले, "तुझा कुत्रा मेलाय, अण्णा. मेला तो! हिला तरी जगू दे." कागद ओढला आणि सही मी केली. मालक म्हणून.

जगली ती. सहा दिवस दवाखान्यात सलाईनवर होती, मी रोज बसनं जायची, डब्यात दहीभात घेऊन. पाचव्या दिवशी चार घास खाल्लेन तेव्हा मी तिथेच, त्या फिनाइलच्या वासात, हमसाहमशी रडले. निघताना डॉक्टरीणबाईंना विचारलं, गोळ्या दिल्या असत्या तर हे टळलं असतं का? म्हणाली, नक्की सांगता येत नाही, अशा शस्त्रक्रियेनंतर औषधं देऊनही कधी कधी असं होतं. हे तिनं दयेनं सांगितलं असणार. मला ती दया अजून पचलेली नाही.

घरी आणली ती सरळ वरच्या मजल्यावर. अण्णानं एकदाही जिना चढून चौकशी केली नाही. पिल्लं न देणारी कुत्री त्याच्या दृष्टीनं संपली. महिन्याभरानं जिन्याखालून हाक मारून म्हणाला, टाकीत अजून एका वेळेपुरतं शिल्लक आहे, मैसूरवाल्याकडे नवं पिल्लू आलंय, तू बघशील ना त्याचं? मी दार लावून घेतलं. तेव्हापासून चूल त्याची त्याला आणि माझी मला.

पिशवी काढल्यावर तिला झोपेत लघवी सुटायला लागली. त्यासाठी रोज एक गोळी आहे, बहुधा जन्मभर. पहिल्या दिवशी मी धसका घेऊनच बसले. ती पाकिटं डब्यात टाकताना अण्णाला आणि स्वतःलाही मी एक सांगून ठेवलं होतं ना, की नाहीतरी ही गोळी थुंकूनच टाकेल, कुत्री कुठे गोळ्या घेतात! म्हणून गुळाचा खडा आणला, रागीचा मुद्दा, नाचणीच्या उकडीचा गोळा, केला, जुना टॉवेल घेतला. आणि आधी नुसती गोळी तळहातावर ठेवून तिच्यापुढे धरली, बघू तरी म्हणून.

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, गोळी जिभेनं उचलली आणि गिळली. मग रिकामा तळहात चाटत राहिली.

तेव्हाही घेतली असतीन.