सोबतीची सायकल

मुंबईत सायकल चालवायला वर्षातले तीनच महिने बरे. पावसाळ्यात खड्डे आणि उन्हाळ्यात सकाळी सातलाच घामाच्या धारा. डिसेंबर ते फेब्रुवारी पहाटेची हवा जरा कोरडी असते, तेवढ्यात काय तो सराव उरकून घ्यायचा. आणि माझी नोकरी अशी, की नेमका त्याच महिन्यांत मी घरी नसायचो. साखर कारखान्यांना पंप पुरवणाऱ्या एका कंपनीत मी सर्व्हिसला आहे. थंडी पडली की ऊस तोडायला येतो, गाळप सुरू होतं, पंप बिघडतात आणि बोरिवलीतून मी बॅग उचलतो. उन्हाळ्यात कारखाने बंद असले की ऑफिसात पंख्याखाली बसून जुनी बिलं लावायची. ह्यात कुणाचा दोष नाही, हे मला कळतं. तरी त्या वर्षी मी उसावर जितका चिडलो तितका कुठल्या माणसावर चिडलो नसेन.

चार हिवाळ्यांपूर्वीची ही गोष्ट. सराव माझा नव्हता, मुलीचा होता. ती नववीत होती, शाळा दुपारची. ऑफिसातल्या एकाकडून तिला खाली वळलेल्या हँडलची, पातळ चाकांची जुनी सायकल घेऊन दिली होती आणि तिला त्या सायकलचं वेडच लागलं. जानेवारीच्या अखेरीस उपनगरांच्या संघासाठी मुलींची निवड चाचणी होती. वीस किलोमीटर, एकेकटीने, घड्याळ लावून, आणि घेणार फक्त तिघींना. तिला त्या तिघींत यायचं होतं.

सरावाची जागा म्हणजे हायवे, पहाटे साडेपाचला, उजाडायच्या आधी. नॅशनल पार्कच्या बाजूने दहिसरचा नाका, तिथून काशिमिरा, जमलं तर पुढे घोडबंदरच्या चढापर्यंत. बायकोने एकच अट घातली. हायवेवर अंधारात मुलगी एकटी जाणार नाही, बाप सोबत असेल तरच. मला अट योग्य वाटली. तशी कुणालाही वाटली असती.

म्हणजे मी घरी असलो तर सराव, मी टूरवर गेलो की सराव बंद. बंद कसला, ती बिल्डिंगभोवती फेऱ्या मारायची. अकरा फेऱ्या म्हणजे एक किलोमीटर, असे सहा किलोमीटर, सहासष्ट फेऱ्या. तळमजल्यावरचे गुजराती काका पाणी भरायला उठायचे ते तिला रोज विचारायचे, "बेबी, सायकल रिपेर झाली का नाय अजून? किती ट्रायल घेते?" आणि ती पुढच्या फेरीला घंटी वाजवून उत्तर द्यायची.

दुसरा घोटाळा असा, की मी घरी असलो तरी तिच्या बरोबरीने जाऊ शकत नव्हतो. माझी सायकल काळी, जड, मागे कॅरिअर, चेनवर पत्र्याचं कव्हर, आणि माझं वय बेचाळीस. नाक्यापर्यंत जाईस्तोवर ती दिव्याच्या दोन खांबांइतकी पुढे असायची आणि मग माझ्यासाठी थांबायची. थांबून थांबून कुणाचा वेग वाढलाय? म्हणून आमचं ठरलं की टूरवर मीही सायकल चालवायची, म्हणजे परत आलो की तिला थांबावं लागणार नाही. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दोघांचे आकडे लिहायचे. ही कल्पना माझीच.

सुरुवातीला मी खरोखर चालवली. नगर जिल्ह्यातल्या एका कारखान्याच्या गेस्ट हाउसच्या वॉचमनकडून सायकल मागून घेतली. सीट माझ्या उंचीला कमी पडायची, म्हणून दर वेळी पाना घेऊन ती वर करायची आणि परत देताना खाली करून ठेवायची. पहाटे माकडटोपी घालून निघालो की समोरून उसाच्या गाड्यांची रांग. बैल बाजूला होत नाहीत, ट्रॅक्टरवाल्याला पाठीमागचं दिसत नाही. मळीचा वास नाकात, नाक वाहतंय, बोटं सुन्न. एका गाडीवानाने विचारलं, साहेब, कुणाला काही झालंय का, एवढ्या थंडीचं कुठं निघालात? मुलीसाठी व्यायाम करतोय, असं त्याला काय सांगणार?

मग पंप जास्त बिघडायला लागले. रात्रपाळीत गरम रसाच्या वाफेत उभं राहायचं, बूट भिजलेले, पहाटे येऊन पांघरुणात शिरलं की उठवत नसे. एक दिवस बुडाला, मग तीन, मग सगळा आठवडा. शनिवारी घरी आलो तर मुलगी पेन्सिल घेऊन कॅलेंडरपाशी उभी. तिच्या बाजूला सहा, सहा, सहा, सहा.

"बाबा, तुमचे किती?"

"वीस," मी म्हटलं.

"रोज?"

"रोज."

तिने ते स्वतःच्या हाताने सहा घरांत लिहिलं. मला वाटलं, पुढच्या आठवड्यात भरून काढू. पुढच्या आठवड्यात सांगलीकडचा कारखाना निघाला. तिथून परत आलो तेव्हाही वीसच सांगितले, कारण मध्येच चार सांगितले तर आधीचे वीस कुठून आले, असा प्रश्न आला असता. असे पाच आठवडे. बिल्डिंगभोवती सहासष्ट फेऱ्या मारणाऱ्या मुलीला मी हे सांगत होतो.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापासून मला सलग पंधरा दिवस मुंबईत मिळाले. ती खूश. बाबा रोज वीस करतायत, आता थेट घोडबंदरचा चढ करायचा, असं तिने ठरवलं. पहिल्याच दिवशी दहिसर नाक्याच्या अलीकडे मला उतरावं लागलं. जकात भरायला उभ्या असलेल्या ट्रकच्या चाकाला हात टेकून मी श्वास घेत होतो. ती वळून आली, सायकल आडवी टाकली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"छातीत दुखतंय?"

"नाही गं."

"डाव्या हातात?"

त्या प्रश्नाचं कारण होतं. आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ, माझ्याच वयाचे, दिवाळीत जिना चढताना कोसळले आणि गेले. तिने ते पाहिलं होतं. आणि आता तिच्यासमोर हिशेब साधा होता. हा माणूस दीड महिना रोज वीस किलोमीटर चालवतो आणि तरी नाक्यापर्यंत जाऊ शकत नाही. म्हणजे आत काहीतरी बिघडलंय. आकडे खोटे असतील, ही शंका तिला आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, पाय दुखतायत, आज नको. तिसऱ्या दिवशी सर्दी. मी काही विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं, मी झोपून घेतलं. तिने आईला काय सांगितलंय हे मला चौथ्या दिवशी कळलं, जेव्हा बायको अर्धी रजा टाकून मला डॉक्टरकडे घेऊन गेली.

डॉक्टरांनी विचारलं, व्यायाम काही करता का? मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "रोज वीस किलोमीटर सायकल. टूरवरसुद्धा चुकवत नाहीत." हे ती अभिमानाने म्हणाली. डॉक्टर चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, वीस किलोमीटर चालवणारा माणूस चारात दमतो, हे काही बरोबर नाही. कार्डिओग्राम, रक्त, छातीचा फोटो, सगळं लिहून दिलं आणि रिपोर्ट येईपर्यंत सायकल बंद, जिनेसुद्धा सावकाश. तिथे मला सांगता आलं असतं. मी शर्टाची बटणं लावत राहिलो.

रिपोर्ट यायला आठवडा गेला. त्या आठवड्यात घरात माझ्याशी सगळे हळू आवाजात बोलत होते. बायकोने गणपतीला नारळ बोलला होता. मुलगी माझ्या हातातून पाण्याची बादली काढून घ्यायची. तिची सायकल जिन्याखाली उभी होती. मी दर संध्याकाळी ठरवायचो की आज सांगू, आणि दर संध्याकाळी कुणीतरी मला उशी आणून द्यायचं.

रिपोर्ट स्वच्छ आला. मला वाटलं सुटलो. पण बायकोचं समाधान झालं नाही. ह्यात दिसत नाही म्हणजे आत खोल काहीतरी असेल, परळच्या मोठ्या डॉक्टरची वेळ घेतलीय, ऑफिसात अर्ज करून टूर बंद करून घेऊ, असं तिचं सुरू झालं. आणि मुलगी चपातीचा तुकडा मोडत म्हणाली, "मी नाही जात चाचणीला. पुढच्या वर्षी बघू. नाहीतर बाबा परत माझ्यामागे सायकल काढतील."

तेव्हा मी बोललो. कॅलेंडरवरचे वीस खोटे आहेत, मी सायकल चालवलीच नाही, म्हणून दमलो.

बायकोचं लाटणं थांबलं. मुलीने विचारलं, "खरे किती आहेत?"

"पहिले अकरा दिवस. पुढचे नाहीत."

"म्हणजे तुम्हाला काही झालेलं नाही?"

"नाही."

"नुसते दमता?"

"नुसता दमतो."

तिने मोठा श्वास सोडला. तिचा चेहरा खरंच सैल झाला, दहा दिवसांत पहिल्यांदा. मग ती मनात काहीतरी मोजत असावी. "आणि माझे दहा दिवस?" ती म्हणाली.

तव्यावरची चपाती करपली ती बायकोने काढून बाजूला ठेवली आणि मुलीला म्हणाली, "उद्यापासून तू एकटी जा."

मी म्हटलं, अगं, अंधार असतो, हायवे आहे.

"असू दे. सोबत जाऊन तुम्ही काय दिवे लावलेत ते बघितलं मी."

चाचणीला आठ दिवस उरले होते. ती एकटी गेली, आठही दिवस. बायको गॅलरीत उभी राहायची ती सायकल परत दिसेपर्यंत, आणि मी तिच्या मागे उभा राहायचो. मला बोलावलं नव्हतं, पण आत बसवत नव्हतं. त्याच आठवड्यात कारखान्याचा ट्रंक कॉल आला. रविवारी पोचायचं होतं. मी साहेबांकडे गेलो आणि म्हटलं, रविवारी मुलीची सायकलची चाचणी आहे, सोमवारी जातो. ते म्हणाले, मग सोमवारी जा, त्यात काय? एवढंच. इतके हिवाळे मी उसाला शिव्या दिल्या आणि एकदाही मागून पाहिलं नव्हतं.

चाचणीत ती चौथी आली. तिसरीत आणि तिच्यात चाळीस सेकंदांचं अंतर होतं. यादी वाचून झाल्यावर ती सायकल हातात धरून आमच्याकडे आली, आईच्या पिशवीतली बाटली काढून पाणी प्यायली. घरी येताना मी हळूच म्हटलं, ते दहा दिवस मिळाले असते तर तू तिघींत असतीस.

"नाही ओ बाबा," ती म्हणाली. "त्या तिघी फास्टच होत्या. दहा दिवसांनी काही झालं नसतं."

ती हे खरं म्हणाली की मला बरं वाटावं म्हणून, हे मला आजही माहीत नाही. त्या वेळी विचारावंसं फार वाटलं. पण तिच्या तोंडून खरं-खोटं वदवून घेणारा मी कोण? बायको पुढे चालत होती, ती मागे न बघता म्हणाली की परळच्या डॉक्टरची वेळ मी रद्द केली आहे, नारळ मात्र फोडावाच लागेल, बोललेला आहे, आणि तो तुम्ही एकट्याने जाऊन फोडा.