चालणारी चांदणी

माझ्या वहिनीचा सोमवारचा उपास चांदणी पाहिल्याशिवाय सुटत नाही. दिवसभर पाणी आणि कोरा चहा, आणि दिवेलागणीला हातात ताटली घेऊन अंगणात उभी. पहिली चांदणी दिसली की हात जोडायचे, गुळाच्या खड्यासोबत भाकरीचा एक घास तोंडात टाकायचा आणि मग आत येऊन जेवायचं. मी तिला लाख वेळा सांगितलं, अगं, तुला शुगर आहे, गोळ्या चालू आहेत, हे उपाशी राहणं एक दिवस अंगाशी येईल. ती म्हणते, "बाई, तुमची शाळा सुटली, पण तुम्ही अजून शिकवूनच राह्यल्या."

शाळा म्हणजे बुलढाण्याची. तिथे मी विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाले आणि भाऊ गेल्यावर देऊळघाटला, माहेरच्या घरी, वहिनीसोबत राहायला आले. मी थोरली नणंद. त्यामुळे रागवायचा हक्क माझा आणि न ऐकण्याचा तिचा.

उपास लेकासाठी आहे. माझा भाचा मालवाहू जहाजावर इंजिनच्या खोलीत काम करतो. ज्या पोराने पैनगंगेपलीकडे पाणी पाहिलं नव्हतं, ते समुद्रात जाऊन बसलं. गावाला कौतुक, आईच्या जिवाला घोर. आधी जहाज बंदराला लागलं तरच त्याचा फोन यायचा. मधले सगळे दिवस वहिनी टीव्हीवर कुठल्याही वादळाची बातमी लागली की, "बाई, हे कोणत्या समुद्रात?" म्हणून माझा जीव खायची. मग त्यांच्या जहाजावर उपग्रहाचं इंटरनेट बसलं आणि भर समुद्रातून व्हिडिओ कॉल यायला लागला. रोज संध्याकाळी. वहिनी त्याआधी केस विंचरून, डोक्यावर पदर घेऊन फोनसमोर बसणार. "जेवला का बे? काय होतं आज? दाखव ताट." एवढंच बोलणं. पण ते झालं की तिला गाढ झोप लागायची, आणि तिला लागली की मला.

त्या सोमवारी दिवाळी उलटून गेली होती. बाया कापूस वेचून घराकडे परतत होत्या आणि आभाळ अगदी स्वच्छ होतं. शुक्र त्या दिवसांत पहाटेचा होता, म्हणून संध्याकाळी ठळक असं काही लवकर दिसत नव्हतं. मी ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. वहिनी म्हणाली, "दिसली!" तिने हात जोडले, घास तोंडात टाकला, आणि पुन्हा वर पाहिलं तर चांदणी आपल्या जागेवर नाही.

"अवं माय! चालून राह्यली हो बाई!"

मीही पाहिलं. एक ठिपका शांतपणे बुलढाण्याच्या दिशेने निघाला होता. त्याच्या मागे दुसरा, तिसरा, एका ओळीत आणखी कितीतरी. वहिनीने तोंडातला घास थू थू करून अंगणात टाकला. आवाज नाही, काही नाही, ओळ आपली सरकत गेली आणि मधेच विझल्यासारखी दिसेनाशी झाली.

"उपग्रह आहेत ते," मी म्हटलं. "सूर्य आपल्याला मावळलेला दिसतो, पण तेवढ्या उंचीवर ऊन असतं. ते त्यांच्यावर पडतं, म्हणून नेमके दिवेलागणीला दिसतात."

"म्हंजे माह्या चांदणीच्याच टायमाले?"

"हो. आणि रोज नवे सोडतात. या कंपनीचे, त्या कंपनीचे, या देशाचे, त्या देशाचे. वर आता गर्दी झाली आहे."

"मंग टकरा नाई होत?"

"होऊ नये म्हणून एकमेकांपासून बाजूला सरकत राहतात."

"यष्टीवानी? सरका, सरका?" ती हसली. "अन् एवढे कायले पायजे म्हणते मी?"

"इंटरनेटसाठी. तुझा लेक भर समुद्रातून फोनमध्ये दिसतो ना, तो असल्याच एखाद्यावरून येतो."

थोड्या वेळाने खरीखुरी चांदणी दिसली, वहिनी तिच्याकडे पाहून जेवली, पण घास घोळवत जेवली. मग फोनसमोर बसली. त्या दिवशी फोन आला नाही.

मंगळवारीही आला नाही. आम्ही लावायचा तर लागेना. मी म्हटलं, ड्युटी बदलली असेल. बुधवारी सकाळी वहिनीने माझ्यासमोर चहा ठेवला, स्वतःसाठी घेतलाच नाही, आणि म्हणाली, "मले समजलं काऊन येत नाई ते. म्या थुंकली ना, बाई. ज्यानं माह्या लेकाले घरात आणून दाखवलं, त्याच्याच तोंडावर थुंकली. रुसलं ते."

माझं डोकंच फिरलं. "अगं बये, पत्र्याचा डबा आहे तो! डबा कधी रुसतो का?"

"डब्यातून माणूस दिसते, मंग रुसाले काय झालं?"

फोन येईपर्यंत अन्नाचा कण घेणार नाही असं तिने जाहीर केलं. मी ओरडले, समजावलं, गोळ्यांचा डबा लपवून ठेवला, कारण उपाशीपोटी ती गोळी म्हणजे जिवाशी खेळ. शेवटी कपभर दुधावर तडजोड झाली. संध्याकाळी ती अंगणात गेली. एक ठिपका चालत आला, तिने हात जोडले. दुसरा आडवा गेला, त्यालाही जोडले. मान दुखेपर्यंत वर पाहत राहिली आणि मला विचारते कशी, "एवढ्या गर्दीत आपला कोन्ता हो बाई?"

आता मला कुठे ठाऊक असणार? मला चीड आली. खरं सांगायचं तर एव्हाना मीही घाबरले होते. तिला न कळू देता समुद्रातल्या बातम्या शोधून पाहिल्या. भाच्याला ज्याने नोकरीला लावलं त्या एजंटाला फोन केला. तो म्हणाला, जहाज ठीकच असेल मॅडम, वाईट काही असतं तर कळलं असतं. असल्या बोलण्याने कुणाला धीर येतो?

गुरुवारी दिवेलागणीला ती अंगणातच डगमगली. हात जोडलेले होते, ते तसेच राहिले आणि गुडघे वाकले. मी धावत जाऊन कशीबशी धरली. अंग घामाने थबथबलेलं. अंगणातल्या खाटेवर बसवलं, साखरेचं पाणी केलं आणि पेला तिच्या ओठाला लावला. ती मान फिरवायला लागली तशी मी अशी खेकसले की शेजारीण दारात आली. "पी मुकाट्यानं! उद्या त्यानं विचारलं, आत्या, माझी माय कुठं आहे, तर काय दाखवू मी त्याला?"

प्याली. सगळं प्याली. मग डोळे मिटून पडून राहिली. घामट हाताने तिने माझं मनगट धरलं होतं, ते बराच वेळ सोडलं नाही. वर एक ठिपका चालत निघाला होता. तिने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं, पण हात उचलवेना. म्हणून मी जोडले. मी, विज्ञानाची बाई, पत्र्याच्या डब्याला हात जोडून उभी. जोडले तर जोडले, माझं काय जातं!

शुक्रवारी दुपारी फोन वाजला. साधा फोन, व्हिडिओ नाही. भाच्याचा इथला नंबर होता. मी स्पीकर लावला.

"माय? ऐकू येते का, माय?" आवाज तुटत होता.

"कुठं होता बे तू!" वहिनी ओरडली. त्या अशक्त बाईत एवढा आवाज कुठून आला देव जाणे.

"गुजरातपाशी उभे हाओत. बंदरात जागा व्हायची वाट पाहून राह्यलो. आपल्या देशाच्या पाण्यात ते इंटरनेट चालू ठेवाची परवानगी नाई ना, तं कप्तानानं बंद केलं. मी खाली इंजिनात होतो. वर आलो तं बंद! सांगताच नाई आलं तुले. या फोनले आज कुठं थोडी रेंज लागली."

वहिनीला ते कळायला वेळ लागला. "म्हंजे इतके दिवस तू जवळ येऊन राह्यला होता?"

"हो ना. जवळ आलो म्हणूनच तं फोन नाई लागला."

ती रडायलाही लागली आणि हसायलाही. पदराने तोंड पुसत म्हणाली, "मंग घरी येतं का? वांगे लागले परसात. मिरच्याचा ठेचा करतो तुह्यासाठी."

तिकडून नुसतीच खरखर आली. मग तो म्हणाला, "उतरता नाई येत, माय. माल खाली केला का लगेच निघा लागते."

"बरं, तोंड तं दाखव."

"रेंज नाई तेवढी. आवाजच कसाबसा येऊन राह्यला. रात्री किनाऱ्यावरचे दिवे दिसते इथून, पण व्हिडिओ नाई होत."

वहिनी फोनच्या काळ्या काचेकडे पाहत राहिली. मला वाटलं, आता ही पुन्हा कोसळते. तिने एकदा नाक ओढलं आणि समजुतीच्या आवाजात म्हणाली, "मंग निघ बाप्पा लवकर. दूर जाय. दूर गेला का दिसतं तू मले."

फोन कापला गेला. तिने माझ्याकडे न पाहताच ताट मागितलं. मी भाकर गरम करायला आत गेले आणि चुलीपाशी पदराचा बोळा तोंडात धरून रडले.